घाटातील अपघातांसाठी प्रथमोपचाराचे कोणते प्रशिक्षण घ्यावे? (मदत हवी आहे)

नमस्कार.

आमचे गाव ताम्हिणी घाटाच्या परिसरात आहे. पावसाळ्यात पर्यटकांची वर्दळ वाढली की दुचाकी घसरणे, मोटार कठड्यावर आदळणे, एखादे वाहन खाली कोसळणे हे ठरलेलेच असते आणि सर्वांत आधी पोहोचतात ती आसपासच्या वाड्यांतील मुले. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिच्यात डॉक्टरही असतो; परंतु घाटात बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे फोन लागून गाडी येईपर्यंतचा वेळ आमच्याच हातात असतो. या वेळेत काय करावे आणि काय करू नये, हे गावातील तरुणांना नीट शिकवून घ्यायचे आहे.

यापूर्वी एका संस्थेने आमच्याकडे एक दिवसाचे शिबिर घेतले होते. पडद्यावर चित्रे दाखवली, सभागृहभर माणसांत मिळून एकच मॅनिकिन (सरावासाठीचा माणसाचा पुतळा) ठेवला, हृदय बंद पडल्यावर करायचा उपाय म्हणून प्रत्येकाने त्याच्या छातीवर चार-दोन दाब दिले आणि संध्याकाळी सर्वांना प्रमाणपत्रे मिळाली. मिनिटाला १०० ते १२० दाब, प्रत्येक दाब निदान पाच सेंटिमीटर खोल, हे सर्वांना पाठ आहे. पण आपला हात खरोखर तेवढा खोल जातो का, हे कोणालाच सांगता येणार नाही.

शिवाय घाटात आम्हाला बंद पडलेल्या हृदयापेक्षा वाहणारे रक्त, मोडलेली मांडी आणि मानेला लागलेला मार यांनाच जास्त वेळा तोंड द्यावे लागते. आजही जखमीला दोघे-तिघे हातपाय धरून उचलतात आणि मिळेल त्या जीपच्या बाकावर आडवे करतात. हेतू चांगलाच असतो, परंतु मणक्याला इजा असेल तर अशा उचलण्यानेच कायमचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून जखमेवर थेट दाब देऊन रक्तस्राव थांबवणे, एकाने डोके व मान स्थिर धरलेली असताना दुसऱ्याने हेल्मेट काढणे (आणि ते केव्हा काढूच नये), तसेच चौघांनी एका इशाऱ्यावर जखमीला कुशीवर वळवून स्ट्रेचरवर घेणे, यांचा सराव आम्हाला हवा आहे.

सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा प्रथमोपचार अभ्यासक्रम या गरजेला पुरेल, की गिर्यारोहकांच्या बचाव पथकांकडे शिकणे अधिक योग्य ठरेल? प्रशिक्षक गावात येऊन प्रत्यक्ष उतारावर सराव घेतात का? दरवर्षी उजळणी कशी करावी आणि प्रथमोपचार पेटीबरोबर स्प्लिंटसारखे (मोडलेले हाड स्थिर ठेवणारी आधारपट्टी) कोणते साहित्य आधी घ्यावे? गटात बहुतेक जण दहावीपर्यंत शिकलेले आहेत, त्यामुळे शिकवणे मराठीतूनच असावे.

पोलिसांच्या ससेमिऱ्याची भीती अजून काही पालकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते, हे त्यांना सांगितले आहे; तरी प्रशिक्षणात या विषयावर कोणी अधिकाराने बोलणार असेल तर फार बरे होईल.

जून उजाडला की सगळे भाताच्या कामात गुंततात, म्हणून शिबिर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात बसवायचे आहे. राहण्याजेवणाची सोय गाव करील. प्रशिक्षकांचे मानधन आणि साहित्य यांचा साधारण खर्च किती येतो, हे ज्यांनी असे शिबिर घेतले आहे त्यांनी कृपया कळवावे.