निकामी होत चाललेल्या हार्ड डिस्कवरील पोर्तुगीज व देवनागरी नावांच्या फायली कशा वाचवाव्यात?

प्रश्न (फोंडा)

सप्रेम नमस्कार. आमच्या घराण्याच्या जमिनींची आणि देवस्थानच्या महाजनकीची जुनी कागदपत्रे मी २००९ सालापासून स्कॅन करून ३२० जीबीच्या एका बाह्य हार्ड डिस्कवर ठेवत आलो आहे. १९६१ पूर्वीचे बरेच कागद पोर्तुगीजमध्ये असल्यामुळे त्यांच्या फायलींना मी 'इन्स्क्रिसांव', 'देस्क्रिसांव' अशी मूळ शीर्षकेच, रोमन लिपीत अक्षरांवरील खुणांसकट, दिली आणि मराठी कागदांना देवनागरी नावे दिली. असे सुमारे चार हजार स्कॅन आहेत आणि कोणता कागद कोणत्या जमिनीचा, हे केवळ नावावरूनच कळते.

पंधरवड्यापासून डिस्क अतिशय मंद झाली आहे आणि विंडोज ती फॉरमॅट करण्यास सांगते. एका जुन्या लिनक्स (विंडोजऐवजी वापरता येणारी संगणकप्रणाली) पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर फोल्डर दिसले. पोर्तुगीज नावांत मध्ये मध्ये भलतीच चिन्हे आहेत, तरी त्या फायली कॉपी होतात. देवनागरी नावांच्या जागी मात्र नुसती प्रश्नचिन्हे दिसतात आणि त्या उघडू गेल्यास अशी फाईल अस्तित्वात नाही असे उत्तर मिळते. दुरुस्ती करणाऱ्याने चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालवून पाहण्याचा सल्ला दिला आहे. माझी मराठी नावे डिस्कवरूनच पुसली गेली आहेत का?

उत्तर १ (मडगाव)

नावे पुसली गेलेली नाहीत, असे तुमच्या वर्णनावरून मला वाटते. त्या काळातील बाह्य डिस्क बहुधा फॅट३२ या फाईल-पद्धतीच्या (डिस्कवर फायली व त्यांची नावे मांडण्याच्या पद्धतीच्या) असत आणि फॅट३२ मध्ये लांब नावे युनिकोडमध्येच, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या वर्णसंचात, साठवली जातात. तुमच्या पेनड्राइव्हवरील लिनक्सने डिस्क जोडताना नावांसाठी पश्चिम युरोपीय भाषांचा जुना वर्णसंच वापरला असावा. त्या संचात पोर्तुगीज अक्षरे आहेत, म्हणून ती फायलीपर्यंत पोहोचतात, फक्त पडदा यूटीएफ-८ ची (युनिकोड लिहिण्याच्या प्रचलित रीतीची) अपेक्षा करत असल्यामुळे चुकीची दिसतात. देवनागरीला तिथे जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि प्रश्नचिन्हांच्या नावाने शोधले असता खरी फाईल सापडत नाही. डिस्क जोडताना यूटीएफ-८ चा पर्याय दिला की दोन्ही लिप्या नीट दिसतील.

परंतु हे मूळ डिस्कवर करू नका, अशी कळकळीची विनंती आहे. नावांचा दोष आणि डिस्कचा दोष हे दोन वेगळे आजार आहेत आणि दुसरा जीवघेणा आहे. चेकडिस्क तर मुळीच चालवू नये, कारण ते मरणासन्न डिस्कवर लिहिते आणि फायलींच्या सुट्या पडलेल्या तुकड्यांना क्रमांकाची नावे देऊन वेगळ्या फोल्डरात टाकते. तुमच्या बाबतीत नाव गेले म्हणजे कागद गेल्यासारखाच. प्रथम जीएनयू डीडीरेस्क्यूने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (एकाच मोठ्या फाईलमधील हुबेहूब नक्कल) दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. हा प्रोग्रॅम सहज वाचता येणारा भाग आधी उचलतो, अडणारे भाग नंतरसाठी ठेवतो आणि झालेल्या कामाची नोंद मॅपफाईलमध्ये करतो, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम तिथूनच पुढे चालू करता येते. पहिल्या फेरीत खरवडण्याचा, म्हणजे अडलेले भाग एकेक सेक्टर (डिस्कचा लहानसा तुकडा) करून वाचण्याचा, टप्पा वगळावा. खराब सेक्टरांशी झुंजण्यातच उरलेले आयुष्य संपू नये. प्रतिमा ज्या डिस्कवर घ्याल ती फॅट३२ असता कामा नये, कारण तिच्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाईल मावत नाही.

डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर ती ताबडतोब बंद करून तज्ज्ञांकडेच द्यावी. फ्रीजमध्ये ठेवण्याचा उपाय कोणी सांगितला तर ऐकू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर काढताच तिच्यावर पाणी साचेल.

उत्तर २ (म्हापसा)

वरील उत्तराशी सहमत आहे. दोन गोष्टी जोडतो. फोटोरेक हा प्रोग्रॅम फाईल-पद्धती बाजूला ठेवून आशयावरून फायली शोधतो, त्यामुळे चित्रे मिळतात पण नावे व फोल्डर मिळत नाहीत. तो शेवटचा उपाय समजावा. त्याआधी टेस्टडिस्क प्रतिमेवर चालवून पाहावे, कारण ते नावांसकट फायली उतरवू शकते.

दुसरी गोष्ट लांब नावांची. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे मावतात. मात्रा व हलन्त यांची गणती वेगळी होत असल्यामुळे एकट्या 'श्री'ला १२ बाइट लागतात. देवस्थान, गाव, वर्ष आणि महाजनाचे नाव असे सगळे एकाच नावात असेल तर अशा फायली कॉपी होताना अडतील. म्हणून उतरवून घेण्यासाठी एनटीएफएस पद्धतीची डिस्क घ्यावी. तिथे मर्यादा २५५ बाइटांची नसून यूटीएफ-१६ (युनिकोड लिहिण्याची दुसरी रीत) च्या २५५ एककांची आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह त्यात एकच एकक घेते.

प्रश्नकर्ता (फोंडा)

आपणा दोघांचे मनापासून आभार. आवाज येत नव्हता, म्हणून प्रतिमा घेण्याचे धाडस केले; त्याला तीन रात्री लागल्या. प्रतिमा केवळ वाचनासाठी आणि यूटीएफ-८ पर्यायासह जोडताच आजोबांच्या दस्तांची मराठी नावे जशीच्या तशी दिसली, तेव्हा किती हायसे वाटले ते सांगता येत नाही. सात स्कॅन अर्धवट उघडतात; त्यांचे मूळ कागद घरात आहेत, ते पुन्हा स्कॅन करीन. आधी कॉपी केलेल्या पोर्तुगीज फायलींची बिघडलेली नावे सुधारावीत का?

उत्तर १ (मडगाव)

आता त्यांची गरज नाही. प्रतिमेतूनच सगळे नव्याने घ्यावे. त्यांपैकी काही ठेवायच्याच असतील तर कॉन्व्हएमव्ही हे लिनक्सवरील साधन नावे यूटीएफ-८ मध्ये आणते; स्पष्ट सांगितल्याशिवाय ते काहीही बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवते, तेव्हा ती यादी आधी वाचावी. प्रतिमेची आणखी एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून ती फोंड्याबाहेर, एखाद्या नातेवाइकाच्या घरी द्यावी.