अंगणात नळ काढायचाय, लाइन कुठून घेऊ?

अंगणात एकही नळ नाही. झाडांना पाणी घालायचं म्हणजे बाथरूममधून बादल्या वाहायच्या, आणि निम्मं पाणी वाटेतच सांडतं. बाहेरच्या भिंतीला आतून एकीकडे बाथरूम लागून आहे, दुसरीकडे स्वयंपाकघराचं सिंक. सिंकखाली फिल्टर आहे. लाइन सीपीव्हीसीची (म्हणजे प्लास्टिकच्या पाइपची), अर्धा इंची. पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. प्लंबर म्हणतो, "कुठूनही काढून देतो." या 'कुठूनही'चीच धास्ती वाटते. कुणी केलंय का हे काम?

प्रतिसाद १
बाथरूमकडून घ्या. गार पाण्याच्याच लाइनला टी (तीन तोंडांचा जोड) मारायचा, गीझरच्या लाइनला चुकूनही नको. सिंककडून घ्यायचीच झाली तर फिल्टरच्या आधी. घरात सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) असेल तर त्याच्याही आधी, कारण त्यातून आलेल्या पाण्यात सोडियम जास्त असतं आणि ते झाडांना मानवत नाही.

प्रतिसाद २
माझी फजिती सांगतो. आमच्याकडे पितळी नळ थेट प्लास्टिकच्या एल्बोमध्ये (काटकोनी जोडात) पिळून बसवला होता. पहिल्या दिवशी थेंबही नाही. दोनेक महिन्यांनी आतल्या बाजूला टाइल्सच्या फटीतून ओल यायला लागली. भिंत फोडली तर एल्बोच्या आट्यांना केसासारखी चीर! पितळ पिळत गेलं की प्लास्टिक फाकतं, आणि वर रोज आपण पाइप हिसकत असतो. त्यामुळे आत पितळी आटे असलेला एल्बो मागा, दुकानात 'ब्रास एल्बो' म्हटलं की देतात. तो भिंतीत हलणार नाही असा क्लॅम्पने पक्का करून घ्या. टेफ्लॉन टेप आट्यांच्याच दिशेने गुंडाळायची, नाहीतर नळ पिळताना ती गोळा होऊन बाहेर येते.

आणखी एक. टीनंतर घराच्या आत या नळापुरता वेगळा बॉल व्हॉल्व्ह हवाच. आमच्याकडे नव्हता, म्हणून त्या चिरेपायी दोन दिवस घरभर पाणी बंद. बायको अजून ऐकवते.

प्रतिसाद ३
टाकीतल्या पाण्याची पातळी नळापासून किती उंच आहे ते बघा. 10 मीटरला साधारण 1 बार दाब मिळतो, म्हणजे 6 मीटरला फक्त 0.6. एवढ्यात बादली झकास भरते, पण लांबलचक बारीक पाइप लावून पुढे स्प्रे गन जोडलीत तर नुसतं ठिबकणार. लांब जायचं असेल तर पाऊण इंची पाइप घ्या. आणि बाहेर नळ सोडला की आत शॉवरखाली उभ्या असलेल्या माणसाची धार बारीक होणार, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा :)

प्रतिसाद ४
कुणी लिहिलं नाही म्हणून: पाइपचं तोंड खताच्या किंवा औषधाच्या बादलीत बुडवून ठेवू नका. वरून पाणी बंद असताना नळ उघडा राहिला आणि खालचा दुसरा एखादा नळ कुणी सोडला, तर बादलीतलं पाणी उलटं ओढलं जाऊन घरच्या लाइनीत येऊ शकतं. यासाठी नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. तुमच्याकडे दाब कमी आहे, तेव्हा कडक स्प्रिंगचा नको, धार आणखी मरेल. झडपेचा चालेल, फक्त त्यावरचा बाण पाण्याच्या दिशेला आहे ना ते स्वतः बघा.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. बाथरूमकडून नक्की. पण बाहेर दीडेक फूट पाइप उघडा राहील आणि तिथे ऊन येतं. चालेल?

प्रतिसाद २
सीपीव्हीसी सतत उन्हात राहिला की ठिसूळ होतो. पाइप भिंतीत घ्या, नाहीतर त्यावर पाण्यात मिसळणारा अ‍ॅक्रेलिक रंग मारा. ऑइल पेंट नको. भिंतीतून पाइप जातो त्या भोकाला बाहेरच्या बाजूला किंचित उतार ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी आत येणार नाही.

प्रतिसाद ५
आणि नळाखाली काय? बहुतेक जण इथेच विसरतात आणि मग जोत्याला पाणी मुरतं. छोटा ओटा करून पाणी झाडांकडे जाईल असा उतार द्या. उंची ठरवताना तुमची सगळ्यात मोठी बादली नेऊन खाली ठेवा आणि तिच्या काठावर वीतभर जागा सोडून खूण करा. आम्ही अंदाजाने केलं. आता बादली तिरकी करून भरतो.

प्रतिसाद १
पाइप जोडायचं सोल्युशन वाळायला डब्यावर लिहिलेला वेळ द्या, मग पाणी सोडून रात्रभर राहू द्या. प्लास्टर त्यानंतरच. त्याआधी उघड्या पाइपचा शेजारी टेप धरून फोटो काढून ठेवा, पुढे कधी ड्रिल मारताना उपयोगी पडेल.