परागकणांची ‘व्हायॅबिलिटी’: मराठीत काय लिहावं?

खानापूरकर: पुतणी बीएस्सी अ‍ॅग्रीला आहे. परागकण झटपट मोजून त्यांची व्हायॅबिलिटी (म्हणजे कण जिवंत, कामाचे आहेत का ते) सांगणाऱ्या पद्धतींवर मराठीत टिपण लिहायचंय. शब्दकोशात ‘व्यवहार्यता’ सापडला, मला काही पटेना. आधीच इथं सीमाभागात कन्नड शाळेतली पोरं ‘परागस्पर्श’ म्हणतात नि मराठी शाळेतली ‘परागीभवन’. त्यात ही भर.

निपाणीकर: व्यवहार्यता साखर कारखान्याची बघतात हो! ‘जीवनक्षमता’ लिहा.

शहापूर पेठ: चालेल, पण मोजलं कशानं ते आधी विचारा. अ‍ॅसिटोकार्मिन या रंगानं कण लाल झाला म्हणजे आत पेशीद्रव्य आहे, एवढंच. मेलेला कणही रंग धरतो. तिथं ‘रंग धरणारे कण’ लिहावं. एफडीए (फ्लुरेसीन डायअ‍ॅसिटेट) हे रसायन घातल्यावर निळ्या प्रकाशात जो हिरवा चमकतो, त्याचं पेशीपटल शाबूत नि विकरं (एन्झाइम) चालू, तो ‘जिवंत’. साखर, बोरिक अ‍ॅसिड नि कॅल्शियमच्या द्रावणात ज्याला परागनलिका फुटली, तो ‘रुजणारा’. एकाच फुलाचे हे तीन आकडे सहसा जुळत नाहीत. तिन्हींना जीवनक्षमता म्हटलं की वाचणारा फसला.

खानापूरकर: तिच्या टिपणात इम्पिडन्स फ्लो सायटोमीटर आहे.

शहापूर पेठ: मग रंगाचं कामच नाही. द्रावणातले कण केसाएवढ्या वाहिनीतून एकेक करून इलेक्ट्रोडांमधून जातात. मेलेल्याचं पटल फाटलेलं, त्यामुळं त्याचा विद्युतसंकेत वेगळा उमटतो. काही मिनिटांत हजारो कण! सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून दोन-तीनशे मोजेपर्यंत मान आखडते. तिथं ‘जिवंत’ लिहा, ‘रुजणारे’ नको. नलिका फुटलेली यंत्रानं बघितलेली नाही. इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा) हा शब्द तसाच ठेवा.

निपाणीकर: साध्या कॉलेजात हिमोसायटोमीटरच, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायची आखलेली काच. टोमॅटो-मिरचीला ठीक. मक्याचा कण मात्र 80 ते 100 मायक्रॉनचा, नि त्या काचेवरच्या कप्प्याची खोलीच 100 मायक्रॉन. कण अडकून बसतात, मोजणी कसली होतेय! शिवाय तुऱ्यावरनं झाडलेला मक्याचा पराग उन्हात काही तासांतच मरतो. तिथं घाई पाहिजेच.

खानापूरकर: आणि ‘काउंट’ला ‘गणना’?

निपाणीकर: नको, ‘मोजणी’. गणना सरकार करतं, माणसांची नि जनावरांची.