मदत हवी आहे: जुन्या व्हॅनचा गिअर दांडा फार ढिला झालाय

मंडळी, १९७२ ची फोक्सवॅगन टाइप २ आहे, चार गिअरची. इंजिन आणि गिअरबॉक्स मागे, दांडा पुढे, त्यामुळे दोघांना जोडणारा मधला शिफ्ट रॉड जवळजवळ अख्ख्या गाडीच्या लांबीचा. वयोमानाने यात खूप प्ले (ढिलेपणा) आलाय. न्यूट्रलमध्ये दांडा चारही बाजूंना डुलतो, दुसरा गिअर शोधावा लागतो, आणि रिव्हर्ससाठी दांडा खाली दाबून डावीकडे मागे घेतला तरी कधी बसतो, कधी नाही.

इंजिन बंद असतानाही हेच होतं, म्हणून क्लच केबलवर माझा संशय नाही. गिअर सुटत नाही, चालताना आवाजही नाही. गिअरबॉक्स ठीक असावा.

रॉडचं बुश (रॉडला आधार देणारी कडी) आणि मागच्या कपलिंगचं (रॉड गिअरबॉक्सला जोडणाऱ्या सांध्याचं) रबर बदलायचं ठरवलंय. कपलिंग उघडण्याआधी रॉडची जागा खूण करून ठेवणं पुरेसं आहे, की नवं बुश बसल्यावर दांड्याखालची स्टॉप प्लेट (दांड्याची हालचाल मर्यादेत ठेवणारी पट्टी) नव्याने जुळवावीच लागते? ती जुळवताना तुम्ही कोणत्या गिअरमध्ये ठेवता?

काही जण थेट शॉर्ट शिफ्टर लावा म्हणतात. मला ते पटत नाही. दांड्याची हालचाल कमी होईल, पण झीज तशीच राहील आणि जोर जास्त लागेल. बुश बदलल्यावर कुणी लावलाय का? रोजच्या वापरात हाताला जड जातो का?

गिअरबॉक्सचं ऑइलही बदलणार आहे. सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळी असल्याने पितळेला चालणारं जीएल-४ दर्जाचंच घेतोय. फक्त ८०डब्ल्यू-९० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) थंडीत घट्ट वाटतं का, एवढं सांगा.