उसाच्या बांधावरच्या घुशी: कुत्रं आणि पिंजऱ्यावर भागेल का?

कोयनाकाठ:
दोन एकर ऊस आहे, बांधावर तीसेक बिळं. घरचं गावठी कुत्रं उंदीर चांगलं धरतं. विष न घालता कुत्रं आणि पिंजरे एवढ्यावर भागेल का? एक जण म्हणतो, कारवानी जातीचं शिकारी कुत्रं आणा, ससेही धरेल.

बांधकरी:
भागेल, पण आधी जिती बिळं ओळखा. संध्याकाळी सगळी तोंडं चिखलाने लिंपा. सकाळी जी उकरलेली दिसतील तिथेच काम करायचं. घूस स्वतःच भुसभुशीत मातीने तोंड बुजवते, म्हणून बंद तोंडापाशी ताज्या मातीचा ढीग असेल तर ते बीळ ओसाड समजू नका.

पिंजरा बिळाच्या तोंडावर नको, वाटेवर ठेवा. गवतात गुळगुळीत झालेली घुशीची पायवाट दिसते, तिला समांतर, बांधाला चिकटून. पहिले दोन-तीन दिवस दार उघडं बांधून आत नुसतं खाद्य ठेवा. नवी वस्तू दिसली की घूस बिचकते. पहिल्याच रात्री कळ लावली तर पुढे आठवडाभर पिंजरा रिकामा. भजं किंवा सुकट चांगलं, कारण आजूबाजूला गोड ऊस असताना नुसत्या भाकरीला कोण विचारतं? चाप लावायचा तर वाटेला आडवा आणि कौलाखाली, नाहीतर कुत्र्याचा पाय किंवा एखादं पाखरू सापडतं.

ऊन चढायच्या आत पिंजरे बघा. मुंगूस, खार, घोरपड सापडली तर तिथेच सोडा. घुशीला पाण्यात बुडवून मारू नका. पिंजऱ्यातून पोत्यात घ्या आणि डोक्यावर एकच जोरकस घाव घाला.

कुत्र्याचं खरं काम पाणी देताना. बिळात पाणी शिरलं की घुशी दुसऱ्या तोंडाने पळतात, तिथे कुत्रं उभं करा. बिळात नाक मात्र खुपसू देऊ नका. घुशीच्या बिळात नाग असू शकतो, आणि चावा थेट तोंडावर बसतो. जवळ कात पडलेली दिसली तर ते बीळ सोडा.

माळरान:
कारवानीचं मनातून काढा. ते उघड्या माळावर नजरेने धावणारं कुत्रं, उसात शिरलं की पात्यांनी डोळे-कान कापून घेतं. ससा तर 1972च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. त्या कायद्यात शिकार म्हणजे मारणंच नाही. पकडणं, फास लावणं, हाकारणं, नुसता प्रयत्न करणंही शिकारच.

गुरांचा डॉक्टर:
कुत्र्याला लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस द्या: 3-4 आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी. लेप्टो उंदराच्या मुतातून येतो आणि माणसालाही होतो. चिखलात गमबूट, मेलेला उंदीर उचलताना हातमोजे. मेलेले दीड-दोन फूट खोल पुरा.

कोयनाकाठ:
शेजारच्या रानात विष घातलंय. काय लक्ष ठेवू?

गुरांचा डॉक्टर:
कोणतं घातलंय ते आजच विचारा, पुडी मिळाली तर जपून ठेवा. विषारी घास संपेपर्यंत कुत्रं बांधूनच ठेवा, मेलेला उंदीर खाऊनही बाधा होते. झिंक फॉस्फाईड असेल तर काही तासांत उलट्या, धाप. दूध-भाकरी काही देऊ नका, अन्नाने पोटात आम्ल वाढतं आणि विषारी वायू जास्त सुटतो. उलटीचा तो वायू माणसालाही घातक, म्हणून गाडीच्या काचा उघड्या ठेवून दवाखान्यात न्या. ब्रोमॅडिओलोन असेल तर तीन-चार दिवस कुत्रं धडधाकट दिसतं, मग हिरड्या पांढऱ्या पडतात, रक्तस्राव होतो. त्यावर व्हिटॅमिन के-1 आहे, पण ते कित्येक आठवडे द्यावं लागतं.