क्रिटा: शोदोची सुकी रेघ खडूसारखी का येते?

बोरूवाला_दादर
नमस्कार मंडळी. बोरू आणि कट निबवर हात बसलेला आहे, शोदो, म्हणजे जपानी ब्रशचं सुलेखन, कागदावर थोडं केलंय, आता तेच क्रिटात, म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र काढायच्या प्रोग्रॅममध्ये, आणायचंय. साधा पेन टॅबलेट आहे: 4096 प्रेशर लेव्हल, टिल्ट (पेनचा कल ओळखणं) नाही. पोस्टर 18 बाय 24 इंची, म्हणून 300 डीपीआयला कॅनव्हास 5400 बाय 7200 पिक्सेल. तीन ठिकाणी घोडं अडतंय. कासुरे, म्हणजे सुकी रेघ, खडू ओढल्यासारखी येते. हाराईचं, म्हणजे झटकून निमुळत्या सोडलेल्या रेघेचं, शेपूट बोथट होतं किंवा शेवटी सरळ काडी येते. आणि पातळ शाईच्या दोन रेघा एकमेकींवरून गेल्या की मधे काळा चौकोन पडतो. कुठलं सेटिंग बदलू?

ओलीशाई
कासुरे कागदाच्या टेक्स्चरमधून काढायला गेलात तर खडूच मिळणार. त्यातल्या पांढऱ्या फटी रेघेच्या दिशेने लांब पळतात, कारण शाई संपत आली की ब्रशचे केस फाकतात. कागदाचा दाणा त्यानंतर. त्यामुळे आधी ब्रश टिप बदला.

गोल टिप नको. 2-3 टक्के स्पेसिंगला (ठशांमधल्या अंतराला) गोल ठसे एकावर एक पडतात आणि आतली सगळी भोकं बुजतात. अरुंद पट्टी बनवा: 300 पिक्सेल लांब, 20 रुंद, आत 30-40 काळे ठिपके, लहानमोठे, मधे दोन-तीन ठळक फटी. ठिपके समान अंतरावर ठेवलेत तर रेघ कंगव्याने ओढल्यासारखी दिसेल. हाताने काढायचा कंटाळा असेल तर जुन्या ब्रशला जेमतेम शाई लावून कार्ट्रिज पेपरवर ठसे द्या, 600 डीपीआयला स्कॅन करा आणि त्यातली पट्टी कापा.

पट्टी कायम रेघेला काटकोनात राहायला हवी. त्यासाठी रोटेशनला ड्रॉइंग अँगल (रेघेची दिशा) सेन्सर द्या. आडवी-उभी चुकली तर टिपलाच 90 अंश फिरवा. साइझला प्रेशर, कर्व्ह 20-25 टक्क्यांपासून सुरू करा. ऑपॅसिटीचं प्रेशर मात्र बंदच. प्लास्टिकचा भास तिथूनच येतो: हात हलका झाला म्हणून खरी शाई विरळ होत नाही, ती कागदाला लागते किंवा लागत नाही. टेक्स्चरच्या स्ट्रेंग्थला स्पीड आणि फेड दोन्ही जोडा. हात पळाला की फटी उघडतात आणि रेघ लांबली की शाई संपते, दोन्ही हवंच.

हाराईचं सोपं आहे. स्मूदिंग ‘स्टॅबिलायझर’वर असणार. पेन उचलल्यावर मागे राहिलेलं अंतर तो सरळ रेघेने भरून काढतो, तीच तुमची काडी. ‘बेसिक’ करा. जमत नसेल तर ‘वेटेड’, पण डिस्टन्स अगदी कमी. टोक आपोआप निमुळतं करणारे तयार ब्रश टाळा, ते तोमेलाही टोक काढतात. तोमे म्हणजे थांबून, दाबून संपवलेली रेघ. ती टोकदार झाली की अक्षर गेलंच.

गिरगाव_लेटरिंग
काळ्या चौकोनाचं मी सांगतो. मल्टिप्लाय ब्लेंडिंग, म्हणजे रंगावर रंग आला की गडद करणारा मोड, वापरताय ना? पातळ शाईत, म्हणजे तानबोकूत, उलटं घडतं. पहिल्या रेघेने कागदाचे तंतू भरून टाकलेले असतात, दुसरीच्या शाईला तिथे जागाच नसते. म्हणून नंतरची रेघ आधीच्या रेघेच्या *खालून* गेल्यासारखी दिसते.

क्रिटात प्रत्येक रेघ वेगळ्या लेयरवर, नवा लेयर जुन्याच्या खाली, मोड नॉर्मल. पहिल्या लेयरवर राइट क्लिक करून सिलेक्ट ओपेक (रंगवलेला भाग निवडा), मग सिलेक्शन 2 पिक्सेल आत घ्या आणि खालच्या लेयरवर डिलीट दाबा. सिलेक्शन आत घेतलं नाही तर कडेला पांढरी केसभर चीर राहते.

यामुळे रेघांचा क्रम चुकला की तो उघडा पडतो. जपानी पद्धतीत ‘उजवा’च्या कांजीत (चिनी लिपीतून आलेल्या अक्षरात) आधी तिरकी रेघ, मग आडवी, ‘डावा’च्या कांजीत बरोबर उलट. वरचा भाग दोन्हींत सारखाच दिसतो, आणि लोक तिथेच फसतात.

निजिमीसाठी, म्हणजे शाई पसरण्यासाठी, पूर्ण रेघेला ब्लर मारू नका. ब्रश जिथे थांबतो तिथेच शाई पसरते. लेयरची कॉपी करून 6-8 पिक्सेल गॉशियन ब्लर द्या आणि मास्कने तोमे व वळणं तेवढी उघडी ठेवा.

बोरूवाला_दादर
पट्टीची टिप चालली! शेपूटही सुटलं. आता रंग आणि छपाई? पोस्टर पावसाळ्यात भिंतीवर लागणार आहे.

मॅटपेपर_परळ
शुद्ध काळा नको. पाइनच्या काजळीची शाई निळसर झाक देते, तेलाच्या काजळीची तपकिरी. आरजीबी 28, 32, 38 किंवा 36, 30, 26 घेऊन बघा. शिक्क्याचा लाल शेंदरी ठेवा, 255-0-0 स्क्रीनवर डोळ्यात घुसतो आणि छापल्यावर मळकट होतो.

पिगमेंट इंकची छपाई असेल तर फाइल आरजीबीतच द्या, सीएमवायके स्वतः करून पाठवू नका. आधी कासुरेचा सर्वात बारीक भाग ए4वर 100 टक्के आकारात काढून बघा. शाई जास्त पडली की फटी भरतात, हे स्क्रीनवर कधीच कळत नाही. कागद मॅट, कॉटन रॅग, 300 जीएसएमच्या आसपास. मुंबईच्या जून-जुलैच्या दमटपणात तो पाणी पितो आणि पोट काढतो, म्हणून फ्रेममध्ये काच चिकटून नको, माउंट बोर्ड किंवा 4-5 मिलिमीटरचा स्पेसर घाला. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर फ्रेमच्या मागे बुरशी धरतेच, मग आतली भिंत निवडा. कागद हाताने चाचपून घ्यायचा तर क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर एक चक्कर मारा.

चिंचोळी_बंदर
एवढी खटपट सपाट कागदासाठीच? टोकियोच्या टीमलॅब या डिजिटल कलाकारांच्या गटाचं काम बघा, ते रेघेची खोली, वेग आणि जोर 3डी जागेत मांडतात.

गिरगाव_लेटरिंग
बघावंच. पण तिथेही मुळात रेघ हातानेच घोटलेली लागते. ‘एइ’ या एका अक्षरात आठही मूळ रेघा आहेत, आधी ते घोटा.

बोरूवालासाहेब, एक राहिलं. टॅबलेटच्या सेटिंगमध्ये ‘फोर्स प्रपोर्शन्स’ किंवा तशा अर्थाचा पर्याय चालू करा. टॅबलेट आणि स्क्रीनचं लांबी-रुंदीचं प्रमाण वेगळं असेल तर हाताने गोल एनसो (झेन पद्धतीचं एका फटक्यात काढलेलं वर्तुळ) काढूनही स्क्रीनवर अंडाकृती येतो, आणि आपण उगाच मनगटाला दोष देत बसतो.