अनुभव धागा: होऊन गेलेलं घरात कुठे कुठे लपून बसतं?

तितूरकाठची, चाळीसगाव

परवा नणंद आलेली, तिने विचारलं वहिनी गव्हाची कोठी माळ्यावर का ठेवता, काढायला किती त्रास. म्हटलं खाली जागा नाही. खोटं बोलले, खाली भरपूर जागा आहे.

31 ऑगस्ट 2021 ला तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्यांचं पाणी गावात शिरलं, वर कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद, आणि आम्ही चौघं अंधारात जिन्यावर एकेक पायरी वर सरकत बसलेलो. सहावी पायरी बुडाली तेव्हा सासूबाईंनी जप थांबवला, ते मला पाण्यापेक्षा जास्त लक्षात आहे. सातवीला पाणी टेकलं आणि थांबलं. माणसं सगळी वाचली, म्हणून आपल्याला काही झालंच नाही असं मी धरून चालले. पण अजूनही रात्री पाऊस लागला की उठते आणि अनवाणी जिन्यावर जाऊन पायऱ्या मोजते. तेराच आहेत, मला माहीत आहे तेराच आहेत. आधार, उतारे, पोरीच्या मार्कशीटा प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा माळ्यावर. मिस्टर हसायचे, आता हसत नाहीत, फक्त कूस बदलतात.

धागा काढला तो यासाठी की पाणी किती फूट आणि नुकसान किती हे सगळेच सांगतात, नंतरचं बारीकसारीक कोणी सांगत नाही. तुमच्याकडे काय आहे असं? त्यातून सुटायला काय कामी आलं, काय नाही आलं तेही लिहा. नाव गाव नको असेल तर नका लिहू. अट एकच, कोणी कोणाला "विसरा आता" म्हणायचं नाही.

केळीवाला, रावेर तालुका

वहिनी, पायऱ्यांचं वाचून आधी हसू आलं अन मग नाही आलं.

आमच्याकडे मे-जूनमधे वादळ येतं तेव्हा बाग नेमकी कापणीला असते. केळीचं खोड म्हणजे काही लाकूड नाही, पापुद्रे अन पाणी, त्याच्यावर वीस-पंचवीस किलोचा घड, वारं फिरलं की मधूनच मोडतं. मोडताना आवाज येतो. एक मोडलं तर काही नाही, पण रांगच्या रांग मोडत येते ना तेव्हा कोणीतरी आपल्याकडेच चालत येतंय असं वाटतं. वीस मिनिटात तीन हजार खोडं गेली. दुसऱ्या दिवशी पंचनामा, फोटोवाले, पुढारी सगळे येऊन गेले, मी जेवलो, झोपलो, मला काहीच वाटलं नाही. लोक म्हणे याची छाती मोठी आहे भो.

सहा महिन्यांनी सख्ख्या भाच्याच्या लग्नात फटाक्याची लड लावली अन मी मांडवातून उठून थेट रोडवर. चप्पल पण नाही पायात. बहीण अजून बोलून दाखवते, तिला खरं कारण मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.

मोबाईलमधे हवामानाची चार ॲप आहेत. बायको म्हणते आभाळ खिडकीतून दिसतं ना. डॉक्टरकडे गेलो नाही, खरं सांगतो. पण मे लागला की शेजारच्या बागेतले दाजी संध्याकाळी आमच्या शेतात येऊन बसतात, अन वारं सुटलं की त्यांच्या म्हशीची गोष्ट काढतात. तीच म्हैस, तीच गोष्ट. मुद्दाम काढतात हे मला माहीत आहे, अन मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. आम्ही त्यावर कधी बोललो नाही अन बोलणारही नाही.

आबा

नातवाकडून टाईप करून घेतोय. तुमचं सगळ्यांचं वाचलं. राग नका मानू पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. 72 च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा, आईबरोबर खडी फोडायला जायचो, मिळायची ती सुकडी खायची आणि अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीची भाकरी, ती गिळत नसे. धाकटी बहीण त्या उन्हाळ्यात गेली. पण कोणी रडत बसलं नाही, दुसऱ्या दिवशी परत खडी. आम्हाला कसला ट्रॉमा झाला नाही.

(नातू: आबांच्या उशाखाली बिस्किटाचा पुडा असतो. रोज. घरात पोतंभर गहू असताना. लग्नाच्या पंगतीत कोणी पानात टाकलं तर आबा उठून जातात. हे मी माझ्या मनाने लिहितोय, त्यांना वाचून दाखवणार नाही.)

इंजिनवाला, भुसावळ

लोको पायलट आहे. आमच्या लाईनमधे ज्याच्या वाट्याला रनओव्हर, म्हणजे गाडीखाली माणूस येणं, आलं नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. लोक विचारतात ब्रेक का नाही मारला. मारतो हो. शंभरच्या वर स्पीड असला की इमर्जन्सी ब्रेक लावूनही गाडी थांबायला जवळजवळ किलोमीटर लागतो. म्हणजे ब्रेक लावल्यापासून ते होईपर्यंत आपल्या हातात फक्त हॉर्न असतो, आणि समोरचा माणूस शेवटी वर बघतो. सगळे नाही बघत. माझ्यावाल्याने बघितलं.

त्याच्यानंतर घरी मी बेलचं बटण काढून टाकलं, कारण पोरगा दाबून धरायचा. बायकोला सांगितलं वायरिंग खराब आहे. जेवताना पहिल्यांदा मीठ जास्त लागायचं, नंतर चवच जायची. सहा महिने असं.

ऑफिसात फॉर्म भरून घेतला, दोन दिवस रेस्ट, एकदा कौन्सेलिंग, साहेब चांगले होते पण सारखे घड्याळ बघत होते. खरं काम झालं ते रनिंग रूममधे, म्हणजे ड्युटीच्या मधे आम्ही झोपतो तिथे. एक सिनियर, रिटायरमेंटला चार महिने राहिलेले, रात्री दोनला चहा करताना पाठ माझ्याकडेच ठेवून म्हणाले, माझ्यावाली हिरव्या साडीतली आहे, मनमाडच्या अलीकडे, एकोणीस वर्ष झाली, अजून त्या जागी मी हॉर्न लांब मारतो. बस एवढंच. मला वाटलं होतं मी वेडा होतोय. त्या रात्री झोपलो.

आता मी पण माझ्या जागी हॉर्न लांब मारतो.

साक्रीची पोर

मी कडीबद्दल लिहिणार आहे. जुन्या घराच्या दाराची लोखंडी कडी. वडील पिऊन यायचे तेव्हा ती दोनदा वाजायची, एकदा वाजली तर शेजारचे काका. दोनदा वाजली की आई आम्हाला पलंगाखाली ढकलायची. वडील जाऊन अकरा वर्ष झाली. मी फ्लॅटमधे राहते, कडी नाहीच. तरी कोणी दोनदा टकटक केलं की माझ्या हातातलं पडतं. मागच्या वर्षी दुधाचं पातेलं पडलं, मुलीच्या पायाजवळ, आणि मी तिच्यावरच ओरडले, ती पलंगाखाली गेली. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. त्या दिवशी ठरवलं.

त्याआधी आजीने दोनदा भगताकडे नेलं होतं. आजीला दोष देत नाही, तिला जे माहीत होतं ते तिने केलं. ती म्हणायची, "काबर भ्यास पोरी, तो ते मरी गया." मी पुण्यात असताना एका मॅडमकडे चार वेळा गेले, दीड हजार रुपये एका तासाचे, मी शुद्ध मराठीत सगळं व्यवस्थित सांगायचे, जसं काही दुसऱ्या बाईबद्दल सांगतेय. काहीच हललं नाही. मग धुळ्यात एक ताई भेटल्या, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं घरी कुठली बोली बोलता, मग म्हणाल्या, "तुन्ही बोलीमा सांग." मी म्हटलं, "माले कडीना आवाजनं भ्याव वाटस," आणि पुढचा अर्धा तास काही बोलूच शकले नाही. मार खाल्ला होता तो अहिराणीत खाल्ला होता ना.

अजून चालू आहे. ओरडणं थांबलेलं नाही, कमी झालंय. ओरडले की नंतर मुलीला जाऊन सांगते माझं चुकलं. आमच्या घरात हे वाक्य कोणी कधी म्हटलेलं नव्हतं.

नाव नको

भाऊ 2021 च्या एप्रिलमधे गेला, पहाटे साडेतीनला दवाखान्यातून फोन आला. तेव्हापासून मोबाईल सायलेंटवरच. बाकी काही लिहवत नाही.

सिव्हिलमधून

मी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात काम करते म्हणून दोन शब्द, भाषण नाही. मोठा धक्का बसला की पहिले काही आठवडे झोप उडणं, दचकणं, तेच तेच दिसणं जवळजवळ सगळ्यांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिना उलटला तरी तसंच असेल आणि रोजच्या कामात अडत असेल तर त्याला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे धक्क्यानंतर मागे राहिलेला मानसिक आजार. 1980 पर्यंत अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या आजारांच्या यादीतही हे नाव नव्हतं, व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांमुळे आलं. आबांना नाव माहीत नाही यात त्यांचं काय चुकलं.

केळीवाले दादा, "काहीच वाटलं नाही" हेसुद्धा त्यातच येतं. त्या वेळी बधिर होऊन माणूस तग धरतो, आणि हिशेब नंतर कुठल्यातरी लग्नात निघतो. आणि घटना घडल्या घडल्या सगळ्यांना गोल बसवून सांगा सांगा करू नका, त्याने फायदा होत नाही, कधीकधी त्रास वाढतो. आधी चहा, कोरडे कपडे, घरच्यांशी फोन. बोलायचं तेव्हा बोलतील. उपचार आहेत. ट्रॉमासाठीची सीबीटी आहे, म्हणजे विचार आणि वागणं यांवर बोलून केलेला उपचार, डोळ्यांच्या हालचालींवरची ईएमडीआर आहे, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मधे सुचवलेल्या. मेडिकलवरून स्वतःच झोपेच्या गोळ्या आणून खाणं हा उपचार नाही, हे मला रोज सांगावं लागतं. आणि 14416, टेलिमानस, ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. नाव नको ज्यांनी लिहिलंय, फोनच नको वाटत असेल तर ओपीडीला या, घरातलं कोणी सोबत आणलंत तरी चालेल.

बिबडेवाली मावशी, अमळनेर

डॉक्टर ताईंचं बरोबर असेल पण माझं वेगळं. मालक शेतात विजेने गेले, मी चौतीसची. लोक भेटायला यायचे अन म्हणायचे बोल, मोकळी हो. समोर बसून बघत राहायचे. समोर कोणी बघत असलं की माझं तोंड शिवल्यासारखं व्हायचं. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी गेले तर पोरी झोक्यावर, माझ्याकडे बघून गाणं थांबवलं त्यांनी, ते जास्त लागलं.

उन्हाळ्यात गल्लीत बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करायला सुरुवात झाली, ज्वारीचा चीक पहाटेच घाटायचा, मग आज हिच्याकडे उद्या तिच्याकडे. मला कोणी बोलावलं नाही, सुतकी तोंड कोण बोलावेल. शेजारची म्हातारी येऊन नुसती म्हणाली हात कमी पडताहेत. गच्चीवर जुन्या धोतरावर बिबडे थापायचे, सगळ्यांच्या माना खाली, कोणी कोणाकडे बघत नाही. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मीच बोलायला लागले. त्या दिवशी डबा द्यायला मला उशीर झाला होता, तेच सांगत होते. कोणी थांबलं नाही, कोणी अगं बाई म्हटलं नाही, थापत राहिल्या. एक म्हणाली कडेला जाड होतंय गं तुझं.

आभाळ गडगडलं की अजून मी देवघरात जाऊन बसते. ते जायचं नाही, राहू दे.

तितूरकाठची, चाळीसगाव

मावशी, मी पण आता रात्री जिन्यावर गेले की हातात काहीतरी नेऊन बघते, लसूण सोलायला वगैरे. इंजिनवाले दादा, मुलाला खरं सांगितलं का हो बेलचं? आणि काल मिस्टर उठून माझ्या मागे जिन्यावर आले, पहिल्यांदा. म्हणाले त्या रात्री मी आठव्या पायरीवर होतो आणि मला वाटलं होतं तुम्हा तिघांना उचलून वर न्यायला माझ्याने होणार नाही. चार वर्ष हा माणूस शेजारी झोपतो आणि मला हे माहीत नव्हतं.

आबा

नातवाने लिहिलेलं मला वाचता येतं, चष्मा आहे. काल सूनबाईने पुडा काढून तिथे झाकणाचा डबा ठेवला, मुंग्या लागतात म्हणून. आत दोन पुडे आहेत.

बहिणीचं नाव मी वर लिहिलं नव्हतं. लिलू म्हणायचो.